पडद्याआड बसून शिकलेली विदुषी : फ्लॉरेन्स बास्कम

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर स्त्रीचा परिचय द्यावा, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. आजवर राण्या झाल्या, संत कवयित्री झाल्या, समाजसेविका आणि डॉक्टरीणबाई झाल्या. यंदा चिटणीसबाईंनी हे काम माझ्यावर सोपविले, तेव्हा या खेपेस भगिनींना जरा आडवाटेने, डोंगरातून न्यावे असे मी ठरविले. म्हणून दगडांचा अभ्यास करण्यात सारे आयुष्य घालविलेल्या एका बाईंची हकीगत सांगते. त्यांचे नाव फ्लॉरेन्स बास्कम. अमेरिकेतील भूगर्भशास्त्राच्या इतिहासात हे नाव मोठ्या मानाने घेतले जाते. त्या तेहेतीस वर्षे एकाच कॉलेजात शिकवीत होत्या, तेव्हा आपल्या पद्धतीप्रमाणे मी त्यांना बास्कमबाईच म्हणणार आहे.

दगडांत एवढे अभ्यासण्यासारखे काय, असे कोणी विचारील. आपल्या प्रत्येकीच्या घरी आज नसला तरी आईच्या घरी पाटा-वरवंटा होताच. तो काळा दगड मुळात दगड नव्हताच, तो रस होता. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून तापलेला, वितळलेला खडक वर आला, पसरला, थिजला, आणि त्यावर पुन्हा नवा थर आला. असे थरावर थर बसून आपला सह्याद्री झाला. कळसूबाईच्या शिखरापासून वेरूळच्या लेण्यांपर्यंत सगळा तोच दगड. हा रस जमिनीखाली असतो तोवर त्याला शिलारस म्हणतात, वर आला की लाव्हा. असा विस्तवातून जन्मलेला तो अग्निज खडक.

शिलारसात वायू विरघळलेले असतात. वाफ असते, गंधकाचे वायू असतात. खोल जमिनीत दाब असतो तोवर ते मुकाट असतात. वर येताना दाब कमी झाला की सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढल्यासारखे फसफसून बाहेर पडतात. रस पातळ असला तर वायू सुखाने निसटतो. रस चिकट आणि घट्ट असला तर तो आत कोंडतो आणि मग डोंगर फुटतो. काही बुडबुडे मात्र थिजत्या दगडातच अडकून राहतात. त्यांच्या जागी पोकळ्या पडतात आणि पुढे पाणी झिरपून त्या पोकळ्यांत पांढरे, हिरवट, गुलाबी स्फटिक धरतात. पुण्या-नाशकाकडे, जळगावाकडे खाणीत किंवा विहीर खणताना असे चमकणारे दगड निघतात, ते पुष्कळजणींनी पाहिले असतील. त्या प्रत्येक स्फटिकाच्या जागी एकेकाळी वायूचा बुडबुडा होता. एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. बाईंच्या कामाचे मर्म तिच्यात आहे.

बास्कमबाईंचा जन्म १४ जुलै १८६२ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील विल्यम्सटाउन या गावी झाला. वडील जॉन बास्कम तेथल्या कॉलेजात प्राध्यापक. आई एमा या लग्नापूर्वी शिक्षिका होत्या आणि पुढे स्त्रियांना मताचा अधिकार मिळावा म्हणून त्यांनी हिरिरीने काम केले. तो अधिकार अमेरिकेत सर्व राज्यांत मिळाला १९२० साली. त्या वेळी त्यांची ही धाकटी मुलगी अठ्ठावन्न वर्षांची होती. १८७४ मध्ये वडील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि बिऱ्हाड तिकडे गेले. मुलींनी मुलांच्या बरोबरीने शिकावे, या मताचे ते होते. तरीही विद्यापीठात मुलींना ग्रंथालयाच्या वेळा ठराविक होत्या, आणि एखादा वर्ग मुलांनी भरला तर मुलींना त्यात जागा नसे. दार उघडले होते, पण अर्धेच. त्या अर्ध्या दारातून बाईंनी १८८२ मध्ये दोन पदव्या घेतल्या, १८८४ मध्ये विज्ञानाची तिसरी, आणि १८८७ मध्ये एम. एस्सी.च्या तोडीची चौथी.

भूगर्भशास्त्राची गोडी त्यांना एका सफरीत लागली असे सांगतात. वडिलांबरोबर आणि ओहायोचे भूशास्त्रज्ञ एडवर्ड ऑर्टन यांच्याबरोबर त्या गाडीतून चालल्या होत्या. ऑर्टनसाहेब वाटेतील जमिनीचा इतिहास सांगत होते. वडील तत्त्वज्ञानाचे अभ्यासक, त्यांना त्यात फारशी गती नव्हती. मुलीचे मन मात्र तेथेच गुंतले. मध्यंतरी एक वर्ष त्यांनी हॅम्प्टन येथे, गुलामीतून सुटलेल्या निग्रो आणि रेड इंडियन समाजांतील मुलांसाठी चालविलेल्या संस्थेत शिकविले, आणि पुढे दोन वर्षे रॉकफर्ड येथे.

१८८९ मध्ये त्यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अर्ज केला. खडकांचे सूक्ष्मदर्शकाखाली परीक्षण करण्याचे नवे शास्त्र तेव्हा जर्मनीतून अमेरिकेत नुकतेच येत होते, आणि ते हायडेलबर्गला शिकून आलेले प्राध्यापक जॉर्ज हंटिंग्टन विल्यम्स तेथे होते. अडचण एकच, विद्यापीठ स्त्रियांना घेत नव्हते. पुष्कळ विचारविनिमयानंतर असे ठरले की, या बाईंनी वर्गात यावे, परंतु त्यांचे नाव विद्यार्थ्यांच्या पटावर असणार नाही. फी प्रयोगशाळेपुरतीच घ्यावी. आणि वर्गात बसताना त्यांनी कोपऱ्यात, एका पडद्याआड बसावे, म्हणजे पुरुष विद्यार्थ्यांचे चित्त विचलित होणार नाही!

गोषा आपल्याला ठाऊक आहे. पण विद्येच्या माहेरघरी, व्याख्यान चालू असताना, तिशीच्या घरातील, चार पदव्या मिळविलेल्या बाईंनी पडद्यामागून फळा कसा पाहिला असेल? या पडद्याची गोष्ट बाईंच्या प्रत्येक चरित्रात येते, आणि वाचणाऱ्याला हसू येते व संतापही येतो. मला मात्र त्यात निराळेच काही दिसते. मी स्वतः भूगर्भशास्त्राची विद्यार्थिनी. आमच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मुक्कामाची सहल निघे तेव्हा मुलींची सोय होणार नाही म्हणून आम्हांला मागे ठेवीत, आणि परतल्यावर आणलेले दगड टेबलावर मांडून दाखवीत. तेव्हा पडदा कापडाचाच असावा लागतो असे नाही. पण व्याख्यानाच्या वेळी पडदा घालता आला तरी डोंगराला पडदा घालता येत नाही, आणि बास्कमबाईंनी आपला प्रबंध डोंगरावर लिहिला.

तो डोंगर म्हणजे साउथ माउंटन. पेनसिल्वेनिया राज्याच्या दक्षिण सीमेवर, गेटिसबर्गच्या रणभूमीच्या पश्चिमेला तो आहे. तेथे तांबूस, करडे आणि हिरवट असे कठीण दगड सापडतात. रेड इंडियन लोक त्यांतील काहींची बाणांची टोके करीत. जुन्या पाहणीत या दगडांपैकी पुष्कळांची गणना गाळाच्या खडकांत केली होती. म्हणजे नदी-समुद्राच्या तळाशी चिखल-वाळू साचून, दबून, पुढे बदलून झालेले दगड. दिसायलाही ते तसेच, पट्टेदार. आसपास कोठे ज्वालामुखीचे तोंड नाही, राख नाही, धूर नाही. मग तेथे लाव्हा असेल असे कोणाच्या मनात यावे?

येथे एक गोष्ट स्पष्ट करते. काही लेखांतून सगळे श्रेय बाईंनाच दिलेले असते. ते खरे नव्हे, आणि त्याची गरजही नाही. हे ज्वालामुखीचे खडक आहेत असे त्यांचे गुरू विल्यम्स यांनी १८९२ मध्ये छापून प्रसिद्ध केले होते. परंतु सांगणे वेगळे आणि दगडादगडातून पुरावा काढून दाखविणे वेगळे. ते दुसरे काम बाईंनी केले.

ते कसे केले, हे स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगता येते. साखरेचा पाक सावकाश, न हलविता निवू दिला तर खडीसाखरेसारखे मोठे खडे धरतात. तोच पाक झटकन थंड केला तर खडे धरायला वेळच मिळत नाही. काचेसारखी गोळी होते. शिलारसाचेही असेच असते. खोल जमिनीत तो हळूहळू निवतो आणि त्याचा ग्रॅनाइटसारखा खडेदार दगड होतो. वर उघड्यावर येऊन झटकन थिजला तर बारीक कणांचा होतो, आणि कधी तर निव्वळ काच होते. आता काचेसारखी ती लिमलेटची गोळी पावसाळ्यात बरणीत बरेच दिवस राहिली की काय होते? तिचा काचपणा जातो, ती पांढरट आणि रवाळ होते. साउथ माउंटनच्या काही दगडांचे हेच झाले होते. मुळात काच असलेला लाव्हा कोट्यवधी वर्षांत रवाळ होऊन गेला होता. आजच्या मोजणीप्रमाणे हे लाव्हा पंचावन्न कोटी वर्षांहूनही जुने आहेत. त्यापुढे आपला सह्याद्री कालचे पोर. मधल्या काळात पर्वत उचलले गेले, दगड दाबले गेले, तापले. मूळ रूप ओळखू येणार कसे?

बाईंनी दगडाचे काप केले. खडकाचा तुकडा काचपट्टीवर चिकटवून तो इतका घासायचा की त्याची जाडी एका मिलिमीटरच्या सुमारे तीनशतांश एवढीच उरावी, वर्तमानपत्राच्या कागदाहूनही पातळ. मग काळा-करडा दगड पारदर्शक होतो. त्यातून खास गाळलेला प्रकाश सोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की एकेक खनिज आपापल्या रंगाने उजळते. मी प्रथम असा काप पाहिला तेव्हा पैठणीचा पदर कोणी उलगडल्यासारखे वाटले होते. या कापांत बाईंना जुन्या लाव्हाच्या खुणा सापडल्या. रस वाहताना पडलेल्या लाटांसारख्या रेघा होत्या. काचेत धरणारे बारीक गोलाकार पुंजके होते. हिरवट दगडांत तर बुडबुड्यांच्या जागाच होत्या, पुढे खनिजांनी भरून गेलेल्या. वायू कधीच निघून गेला, त्याचे घर तेवढे दगडात राहिले. चिखलात असे बुडबुडे कोठून येणार?

मूळचा काचेसारखा लाव्हा रवाळ झाला असेल तर त्याला नाव काय द्यावे, हाही प्रश्न होताच. तोवर प्रत्येक जण आपापल्या मनाने नावे देई. बाईंनी असे सुचविले की, मूळ नाव कायम ठेवून त्याच्यामागे एक उपसर्ग लावावा, म्हणजे हा मुळात कोण आणि आज काय, दोन्ही एका शब्दात कळेल. रायोलाइट हा घट्ट, सिलिका अधिक असलेल्या रसाचा दगड. त्याचा काचपणा गेला की तो ॲपोरायोलाइट. आपल्याकडे बाई सासरी गेली की तिचे नाव बदलीत, माहेरचा माग राहत नसे. बाईंनी दगडाचे माहेर त्याच्या नावातच बांधून ठेवले, असे मला वाटते. हे काम १८९३ मध्ये एका शास्त्रीय मासिकात आले आणि १८९६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी भूशास्त्रीय पाहणी खात्याने ते पुस्तकरूपाने छापले.

१८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने त्यांना डॉक्टरेट दिली. त्या विद्यापीठाने रीतसर डॉक्टरेट दिलेली ही पहिली स्त्री. त्यांच्या आधी क्रिस्टीन लॅड नावाच्या गणिती विदुषीने १८८२ पर्यंत सारा अभ्यास पुरा केला होता. तिला पदवी मिळाली १९२६ साली! आणखी एक गंमत पाहा. त्याच १८९३ साली हॉपकिन्सचे वैद्यकीय विद्यालय उघडले आणि त्यात पहिल्या दिवसापासून मुलींना प्रवेश होता. हे औदार्य आपोआप सुचलेले नव्हते. बाल्टिमोरच्या काही खटपटी स्त्रियांनी त्या विद्यालयासाठी मोठा निधी उभारला आणि मुलींना घ्याल तरच देऊ अशी अट घातली. त्या स्त्रियांतील एक प्रमुख म्हणजे कॅरी टॉमस. त्या पूर्वी स्वतः हॉपकिन्समध्ये शिकू पाहून, वर्गांत बसू देत नाहीत म्हणून सोडून गेल्या होत्या आणि झुरिकहून डॉक्टरेट घेऊन आल्या होत्या. हे नाव लक्षात असू द्या.

दोन वर्षे ओहायोत शिकवून बाई १८९५ मध्ये ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात आल्या. हे गाव फिलाडेल्फियाच्या शेजारी आहे. फिलाडेल्फिया म्हणताच आपल्याला आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांनी १८८६ मध्ये तेथेच डॉक्टरीची पदवी घेतली, आणि पुढल्याच वर्षी आपण त्यांना गमावले. पदवीदानाला पंडिता रमाबाई हजर होत्या. बास्कमबाई त्या परिसरात आल्या त्या नऊ वर्षांनी. गाठ पडण्याचा योग नव्हता. पण त्या शहराच्या आसमंतात स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचे जे वारे होते, ते दोघींनाही लाभले.

ब्रिन मॉरच्या अध्यक्ष होत्या त्याच कॅरी टॉमस. त्यामुळे आता बाईंचे सारे सुरळीत झाले असेल असे वाटेल. तसे झाले नाही. भूगर्भशास्त्राला तेथे स्वतंत्र विभाग नव्हता. इतर शास्त्रांच्या इमारतीतील सामान ठेवण्याची जागा बाईंच्या वाट्याला आली. तेथे त्यांनी दगड, खनिजे आणि जीवाश्म यांचा संग्रह जमविला, सूक्ष्मदर्शक आणले, विभाग उभा केला. आणि १८९९ च्या सुमारास टॉमसबाईंनी तो विषय ऐच्छिक करून आटोपता घेण्याचे मनात आणले. बाईंनी याला कडाडून विरोध केला. बाब विश्वस्तांपर्यंत गेली आणि विभाग राहिला. स्त्रियांसाठी दार उघडणारी स्त्रीच पुढे कोणता विषय मुलींना हवा आणि कोणता नको हे ठरवू लागली, याचे मला नवल वाटत नाही. पैसा तुटपुंजा असला की असे होते, आपल्या मंडळातही शिवणवर्ग की वाचनालय यावर आपण भांडलो आहोतच. पण बाई नमत्या तर पुढची हकीगत सांगायला उरली नसती.

१८९६ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्रीय पाहणी खात्याने त्यांना साहाय्यक भूशास्त्रज्ञ म्हणून घेतले. त्या खात्यात नेमलेली ही पहिली स्त्री. १९०९ मध्ये त्या पूर्ण दर्जाच्या भूशास्त्रज्ञ झाल्या. पेनसिल्वेनिया, मेरीलँड, डेलावेअर आणि न्यू जर्सी या राज्यांत डोंगर आणि समुद्रपट्टी यांच्यामध्ये जो जुन्या, पिळवटलेल्या खडकांचा प्रदेश आहे, तो त्यांच्याकडे सोपविला. उन्हाळ्याच्या सुटीत त्या पायी, घोड्यावर किंवा घोडागाडीने हिंडत. हातात हातोडा, अंगात त्या काळचा लांब झगा. ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या कापात, खाणीत, जेथे दगड उघडा पडला असेल तेथे त्याचा नमुना घ्यायचा, त्याचा उतार मोजायचा, नकाशावर नोंद करायची. हिवाळ्यात कॉलेज सांभाळून कापांचे परीक्षण आणि अहवालाचे लेखन. फिलाडेल्फिया आणि ट्रेंटन या भागांचे नकाशे १९०९ मध्ये प्रसिद्ध झाले. एल्कटन-विल्मिंग्टनचा १९२० मध्ये. आणि साउथ माउंटनच्याच परिसराचा, फेअरफील्ड-गेटिसबर्गचा, जॉर्ज स्टोस यांच्याबरोबर केलेला, १९२९ मध्ये. नकाशा म्हणजे काही कादंबरी नव्हे, तो कोणी रात्र जागून वाचीत नाही. पण विहीर कोठे लागेल, इमारतीला दगड कोठून काढावा, पाया कशावर घ्यावा, हे त्यावरून कळते.

बाई लग्नाच्या भानगडीत पडल्या नाहीत. स्वभावाने मितभाषी आणि शिस्तीच्या होत्या. विद्यार्थिनी त्यांना वचकून असत; ढिसाळ काम त्यांना खपत नसे. मुलींचे कॉलेज म्हणून सोपे शिकवायचे ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती. त्यांच्या विद्यार्थिनी हातोडा घेऊन डोंगरात जात आणि दगडाचे काप स्वतः तपासीत. इडा ओगिल्व्ही यांनी न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात भूगर्भशास्त्राचा विभाग काढला. जुलिया गार्डनर शंखशिंपल्यांच्या जीवाश्मांत तज्ज्ञ झाल्या. दुसऱ्या महायुद्धात जपानने फुग्यांना बाँब बांधून अमेरिकेकडे सोडले, तेव्हा त्या फुग्यांच्या पिशव्यांतील वाळू कोणत्या किनाऱ्यावरची हे शोधणाऱ्या मंडळींत त्या होत्या. १९३७ मध्ये अमेरिकेच्या भूशास्त्रीय संस्थेच्या अकरा स्त्री-फेलोंपैकी आठ ब्रिन मॉरमध्ये शिकलेल्या होत्या. सामानाच्या खोलीतून निघालेले हे पीक.

सगळे गोडच होते असे मात्र नाही. एलिनोरा ब्लिस आणि ॲना जोनास या त्यांच्या दोन हुशार विद्यार्थिनींनी फिलाडेल्फियाच्या पश्चिमेकडील खडकांवर काम केले. तेथल्या अभ्रकी खडकांचे वय आणि रचना यांविषयी त्यांचे निष्कर्ष बाईंच्या मताहून वेगळे निघाले, आणि ते १९१६ मध्ये बाईंच्याच खात्याने छापले. बाईंना ते पटले नाही. वर्षानुवर्षे ज्या खडकांवर आपण पायपीट केली, त्यांच्याबद्दल आपल्याच हाताखाली तयार झालेल्या मुलींनी वेगळे सांगावे, हे कोणत्या शिक्षिकेला सोपे जाईल? तो खडक आहेही मोठा गुंतागुंतीचा. त्याच्या वयाचा वाद त्यांच्यानंतरही पुष्कळ वर्षे चालला. पण कापाखाली जे दिसते ते लिहा, असे शिकविले की विद्यार्थिनी एक दिवस गुरूविरुद्धही लिहिणारच. मी पुढे शाळेत विज्ञान शिकविले. माझ्याशी वाद घालण्याइतकी तयारी झालेल्या मुली मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच मिळाल्या, म्हणून मला बास्कमबाईंचा थोडा हेवाच वाटतो.

मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९०६ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांची जंत्री प्रथम निघाली, तीत पहिल्या शंभर भूशास्त्रज्ञांत त्यांची गणना झाली. जंत्रीच्या नावातच शास्त्रज्ञ पुरुष असे होते! त्याच सुमारास, प्राध्यापक होऊनही, त्या वर्षभर हायडेलबर्गला स्फटिकांचा अभ्यास करायला गेल्या. वयाची चव्वेचाळीस वर्षे उलटलेली. १९२४ मध्ये भूशास्त्रीय संस्थेच्या कार्यकारी मंडळावर त्या निवडून आल्या, आणि १९३० मध्ये उपाध्यक्ष झाल्या.

१९२८ मध्ये त्यांनी कॉलेज सोडले, पण पाहणी खात्याचे काम १९३६ पर्यंत चालूच ठेवले. नंतर त्या आपल्या जन्मगावाकडच्या डोंगरातील घरी राहिल्या. १८ जून १९४५ रोजी, ब्याऐंशीव्या वर्षी, विल्यम्सटाउन येथे त्यांचे निधन झाले.

शुक्रावरील मोठ्या विवरांना स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यांतील एका विवराला बास्कम असे नाव आहे. दुसऱ्या एकाला आपल्या आनंदीबाईंच्या आडनावावरून जोशी असे नाव दिलेले आहे. शुक्राची जमीन बहुतेक लाव्हाचीच, आपल्या पाट्या-वरवंट्याच्या दगडाच्या जातीची.